किल्ली हातात आणि गाडी चालू

टर्बो गेला म्हणजे बाकीचं इंजिनही जातं का, हा प्रश्न मला लोकांनी कुठंकुठं गाठून विचारलाय. लग्नाच्या पंगतीत विचारला, स्मशानात लाकडं रचली जात असताना विचारला आणि एकदा दातांच्या डॉक्टरने माझ्या तोंडात दोन्ही हात घातलेले असताना विचारला. मी तेव्हा जमेल तेवढी मान हलवली. त्याने तिचा काय अर्थ घेतला देव जाणे. खरं उत्तर असं आहे की, ते टर्बोवर कमी आणि माणसावर जास्त अवलंबून असतं. हे उत्तर कुणालाच आवडत नाही. लोकांना हो किंवा नाही हवं असतं, आणि शक्यतो नाहीच हवं असतं.

सुरतेला पर्वत पाटियाजवळ मी डिझेल गाड्यांचं गॅरेज चालवलं. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. आमच्या भागातली माणसं सुरतेला आली ती लूमवर, म्हणजे यंत्रमागावर लागली, लिंबायतला राहिली आणि म्हातारपण यायच्या आधीच बहिरी झाली. माझ्या वडिलांना, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, कान गेल्यावर अक्कल आली आणि त्यांनी मला लूमऐवजी गॅरेजात घातलं. त्यामुळे माझे कान शाबूत राहिले आणि त्या कानांवरच मी पोट भरलं. गाडी गल्लीत वळायच्या आधी मी तिचं दुखणं सांगत असे. त्याची मला थोडी घमेंडही होती. बायको म्हणायची, एवढे कान आहेत तर कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या कशा ऐकू येत नाहीत.

टर्बो म्हणजे काय, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनातून जो गरम धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो. त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो. तो बाहेरची स्वच्छ हवा ओढून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त ताकद. पण हे पंखे इतके बेफाम फिरतात की ती दांडी कशालाही टेकून चालत नाही. इंजिनातल्या ऑइलच्या पातळ थरावर ती तरंगत असते. आणि हे ऑइल तिला इंजिन चालू असतानाच मिळतं. किल्ली फिरवली, इंजिन थांबलं, की ऑइल यायचं बंद. पंखा मात्र आपल्याच तंद्रीत फिरत राहतो, कोरडा आणि तापलेला. तापलेल्या तव्यावर तेलाचा थेंब टाकून विसरलात तर जे होतं, ते त्या दांडीच्या आत होतं. काळी खरपुडी धरते, सील जळतं आणि मग एक दिवस ऑइल जिथं जायला नको तिथं जायला लागतं.

नव्वदच्या दशकात टर्बोच्या गाड्या सुरतेत मोजक्याच होत्या, त्याही नव्याने पैसा दिसलेल्या लोकांकडे. त्यामुळे गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक जण म्हणाला, या गाडीला शिट्टीसारखा आवाज येतो, सासूबाईंना बसवत नाही, तेवढी शिट्टी काढून द्या. दुसऱ्याच्या गाडीला टर्बोच नव्हता. त्याला फक्त शिट्टी बसवून हवी होती.

आणि ड्रायव्हर सगळे ट्रकवरून आलेले. त्यांची एक सवय होती. गाडी बंद करायच्या आधी एकदा पाय दाबून रेस मारायची आणि इंजिन ओरडत असतानाच किल्ली फिरवायची. का, तर म्हणे सकाळी गाडी पटकन चालू होते. कुणी म्हणायचं बॅटरी भरते. एक म्हणाला, गाडीला झोप चांगली लागते. ट्रकला त्याने काही होत नसे. टर्बोला मात्र ही रेस म्हणजे विष होतं. पंख्याला जिवाच्या आकांताने पळायला लावायचं आणि त्याच क्षणी त्याचं ऑइल तोडायचं.

आता शेठची गाडी. त्यांचं नाव सांगत नाही, साड्यांचा व्यापार होता, आम्ही सगळे शेठच म्हणायचो. त्यांचा बंगला माझ्या गॅरेजच्या मागच्या सोसायटीत. गाडी परदेशी बनावटीची, काळपट हिरवी, टर्बो डिझेल. तिचा ड्रायव्हर वामनभाऊ. हा आमच्या अमळनेरकडचा, डिंडोलीत माझ्याच गल्लीत राहणारा, पूर्वी ट्रक चालवलेला माणूस. घरी आम्ही एकमेकांशी अहिराणीतच बोलायचो.

वामनभाऊची ती रेस शेठच्या घरात रिवाज होऊन बसली होती. संध्याकाळी गाडी फाटकाशी थांबली की वामनभाऊ एकदा रेस मारून ती बंद करायचा. आत शांताबेन, म्हणजे शेठाणी, ती रेस ऐकली की तवा गॅसवर ठेवायच्या आणि पाट मांडायच्या. शेठ हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिली रोटली फुगलेली असायची. घरात डायनिंग टेबल होतं, पण शेठ रात्रीचं जेवण पाटावर बसूनच घ्यायचे. मला हे ठाऊक, कारण तीच रेस ऐकून मीही रॉकेलने हात धुवायला घ्यायचो. अख्ख्या गल्लीचं घड्याळ होतं ते.

रेस वाईट आहे हे मी वामनभाऊला अनेकदा सांगितलं. तो म्हणायचा, शेठाणीला तवा ठेवायचा असतो, तू तिला सांग. एकदा मी खुद्द शेठना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, मिस्त्री, टर्बो दुसरा मिळेल, गरम रोटली दुसरी मिळत नाही.

मग ते गेले. मुंबईहून परत येताना, मागच्या सीटवर. शेठना गाडीत झोपायची सवय होती आणि झोपले की नाकातून एक बारीक शिट्टी वाजायची. वामनभाऊ ती ऐकत गाडी हाकायचा. म्हणायचा, शिट्टी चालू आहे तोवर रस्ता माझा. त्या दिवशी पलसाणा सोडेपर्यंत आपण शिट्टी ऐकली, असं तो शपथेवर सांगतो. तो फाटकाशी आला, नेहमीसारखी रेस मारली, गाडी बंद केली. आत तवा ठेवला गेला. मागचं दार उघडलं नाही. वामनभाऊ थोडा वेळ बसून राहिला, शेठ जागे होतील म्हणून. मग त्याने मागे वळून पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, बराच वेळ झालाय. किती वेळ, ते त्यांनी सांगितलं नाही किंवा वामनभाऊच्या डोक्यात शिरलं नाही. आपण मेलेल्या माणसाला किती लांब घेऊन आलो, हे त्याला पुढे कधीच कळलं नाही, आणि त्याला ते सारखं कुरतडत राहिलं. शांताबेन डॉक्टरांच्या मागे लागून एकच विचारत राहिल्या, की त्यांना त्रास झाला का, किती वेळ लागला. उत्तर देणारं कोणीच नव्हतं. जो होता, तो पुढे बघून गाडी चालवत होता.

तेराव्यानंतर शांताबेननी वामनभाऊला बोलावलं. गाडी रोज रिकामीच हायवेकडच्या दुकानापर्यंत न्यायची, संध्याकाळी आणायची, फाटकाशी थांबवायची आणि रेस मारायची. वामनभाऊने मान डोलावली. तेव्हा त्याला नोकरी राहिली याचाच आनंद झाला असेल. पण लवकरच तो माझ्याकडे येऊन बसायला लागला, चहा थंड होऊ द्यायला लागला. तो सांगायचा, मी रेस मारतो आणि आत खरंच तवा ठेवला जातो, पाट मांडला जातो, ताट वाढलं जातं. मग शेठाणी दाराकडे बघत बसतात. ताट गार झालं की उचलतात आणि त्यानंतर स्वतः दोन घास खातात. कधी खातही नाहीत. शेठचा मुलगा केतनभाई माझ्याकडे गाडीच्या निमित्ताने आला होता. त्यानेही हेच सांगितलं. आई दिवसेंदिवस वाळत चालली होती. गाडी विकायचं नाव काढलं तर ती त्या दिवशी पाणीसुद्धा घ्यायची नाही.

अशात एका दुपारी वामनभाऊ आला. खाली बसला नाही. म्हणाला, "मिस्तरी, ती शिट्टी परत चालू व्हयनी."

मला वाटलं, याचं डोकं फिरलं. तो सांगत होता की, गाडी हायवेला लागली की मागच्या सीटवरून तशीच बारीक शिट्टी येते. मागे वळून बघितलं तर सीट रिकामी. आणि गाडी ऑइल पिते. रोज पट्टी काढून बघतो, रोज पातळी खाली, पण जमिनीवर थेंब नाही. त्याने रात्रभर गाडीखाली पुठ्ठा अंथरून पाहिला होता, सकाळी पुठ्ठा कोरडा. ऑइल जातं कुठं? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, फाटकाशी आल्यावर त्याचा पाय पडायच्या आधीच इंजिन आपोआप जरासं चढतं. जणू कोणाला घाई असते.

मी त्याला शेजारी बसवलं आणि गाडी हायवेला काढली. कडोदऱ्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर मला ती ऐकू आली. बारीक, लांब, एका सुरात, मध्येच तुटणारी. टर्बोची दांडी झिजून पंखा कडेला घासायला लागला की असाच आवाज येतो, माझ्या कानांना त्यात काही शंका नव्हती. आवाज पुढून येत होता. तरीही मी आरशात मागची सीट पाहिली. आणि त्याच वेळी दुसरा एक विचार मनात आला, तो मी आजवर वामनभाऊला सांगितलेला नाही. असा टर्बो एका दिवसात झिजत नाही. ही शिट्टी आधीपासून असली पाहिजे. त्या दिवशी पलसाण्यापर्यंत त्याने जी ऐकली, ती शेठची होती की गाडीची?

गॅरेजात आल्यावर मी त्याला समजावलं. ऑइल जमिनीवर सांडत नाही, कारण ते आत सांडतंय. सील गेलं. पंखा हवेबरोबर आपलंच ऑइल इंजिनात ढकलतोय आणि इंजिन ते जाळतंय. म्हणून मागून निळा धूर येतोय, म्हणून इंजिनाचं आपोआप चढणं. गाडी आजच उघडली पाहिजे. टर्बो बदलला की बाकीचं इंजिन वाचेल. असंच चालवत राहिलास तर पंख्याचा तुकडा आत जाईल, किंवा ऑइल संपून सगळं जाम होईल, किंवा आणखी एक होईल, ते आत्ता सांगत नाही.

वामनभाऊने बंगल्यावर जाऊन सांगितलं. शांताबेननी नकार दिला. गाडी गॅरेजात राहिली तर संध्याकाळी फाटकाशी कोण येणार? मी स्वतः गेलो. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, माझं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या की, हल्ली ते स्वतःच रेस मारतात, वामन तर पाय पण लावत नाही. मुलगा माझ्याकडे बघत होता, मी पाण्याच्या पेल्याकडे. इंजिनच्या मिस्त्रीने अशा वेळी काय बोलावं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. निदान रेस तरी मारू नका, गाडी थोडा वेळ हळू चालू ठेवून मगच बंद करा, एवढं विनवून मी निघालो.

जे मी तेव्हा सांगायचं टाळलं, ते आता सांगतो. पेट्रोल गाडीला ठिणगी लागते, ठिणगी तोडली की खेळ संपला. डिझेलला ठिणगी लागत नाही, दाबानेच पेटतं. किल्ली फिरवली म्हणजे आपण फक्त डिझेल तोडतो. पण इंजिनला डिझेल आणि ऑइल यांतला फरक कळत नाही. टर्बोचं सील पुरतं फुटलं आणि ऑइल भसाभसा आत जायला लागलं, की इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळायला लागतं. जितकं पळतं तितका टर्बो जोरात फिरतो, जितका फिरतो तितकं ऑइल जास्त. मग त्याला किल्ली नको, डिझेल नको, ड्रायव्हर नको. सगळं ऑइल संपेपर्यंत किंवा फुटेपर्यंत ते पळतं. पुष्कळ मिस्त्री आयुष्यभर हे बघत नाहीत. मी एकदाच पाहिलंय.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दिवेलागणीची वेळ होती. गाडी वळल्याचा आवाज आला, मी सवयीने हात धुवायला घेतले. रेस ऐकू आली. नेहमी ती चढायची आणि तुटायची. या वेळी ती चढली आणि तुटलीच नाही. चढत राहिली, आणखी चढली, आणि त्या आवाजातून ती शिट्टी वर निघाली, इतकी उंच की समोरच्या चहावाल्याने कानांवर हात ठेवले. मी ओल्या हातांनीच पळालो.

सोसायटीच्या गल्लीत धूर भरला होता, निळसर पांढरा, जळक्या ऑइलचा. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते, ते धुरात नुसते पिवळे डाग दिसत होते. माणसं भिंतींना चिकटून उभी. गाडी फाटकाशी होती, थरथरत, जागच्या जागी. चारही दारं बंद, पुढचे दिवे विझलेले, आत कोणी नाही. आणि गाडी एखादी बाई ओरडावी तशी ओरडत होती. फाटकाच्या खांबाला टेकून वामनभाऊ उभा होता. त्याने मूठ माझ्यापुढे उघडली.

"किल्ली मना हातमा शे," तो म्हणाला, "आनि गाडी चालू शे."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. काय चाललंय, का चाललंय, ते त्या गल्लीत मला एकट्याला कळत होतं. तरी माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो. समजणं एका जागी असतं आणि अंग दुसऱ्या जागी.

अशा वेळी आत बसून वरचा गिअर टाकायचा, ब्रेक दाबून क्लच सोडायचा, की इंजिन घुसमटून बंद पडतं. पण समोर फाटक होतं, फाटकाआड ओसरी, आणि ओसरीवर माणसं. गाडीने उडी मारली असती तर? दुसरा उपाय एकच, तिची हवा बंद करायची. मी बोनेट उघडलं. आतून झळ आली. फिल्टरच्या डब्यावरून हवेचा रबरी पाईप हिसकून वर काढला. त्याच्या तोंडाशी हात नेला तर हात आत जाईल अशी ओढ होती. कापड लावलं तर कापड गिळेल. काहीतरी सपाट, टणक हवं होतं.

मी बंगल्यात शिरलो. पहिल्याच खोलीत पाट मांडलेला होता, समोर ताट, ताटात फुगून बसलेली एक रोटली. आत कुठंतरी तवा धुरावत होता. मी पाट उचलला आणि पळालो. तेव्हा तो कोणाचा, वगैरे मनात आलं नाही. बाहेर येईपर्यंत शांताबेन गाडीजवळ पोचल्या होत्या. सगळी गल्ली मागे सरकलेली, आणि ही बारीकशी बाई त्या थरथरणाऱ्या बोनेटवर तळहात ठेवून उभी. चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, त्या हसत होत्या. माझ्या हातातला पाट त्यांनी पाहिला आणि मी काय करणार हे त्यांना कळलं.

"ए आव्या छे," त्या म्हणाल्या. "एमने रोकशो नहीं."

ते आलेत, त्यांना थांबवू नका. त्या गोंगाटात मला शब्द ऐकू आले नसावेत, ओठांवरूनच कळले असतील. पण आजही मला ते ऐकल्यासारखेच आठवतात. केतनभाईने आईला खांद्याला धरून मागे घेतलं. मी पाटाची सपाट बाजू पाईपच्या तोंडावर दाबली.

पाट हातातून ओढला गेला आणि तिथंच चिकटला. मी अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. लाकडातून ती ओढ माझ्या तळहातांत येत होती, तिथून कोपरांपर्यंत. आधी जोरात, रागावल्यासारखी. पाईप आतल्या आत चिमटला. मग एक आचका, दुसरा आचका, आणि ओढ सैल पडत गेली. शिट्टी उतरली, खाली खाली आली, अगदी माणसाच्या नाकातून यावी इतकी बारीक झाली आणि थांबली. गल्लीत इतकी शांतता झाली की आत जळणाऱ्या तव्याची चरचर ऐकू येत होती. मी पाट सोडला नाही. मला सोडायचं सुचलं नाही. वामनभाऊनेच माझी बोटं एकेक करून उचलली.

दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत गॅरेजात आणली. उघडली. टर्बोची दांडी काळी, खरपुडी धरलेली, पंख्याच्या एका पात्याचा कोपरा तुटलेला. तो तुकडा मी शोधत होतो, कारण तो इंजिनात गेला असता तर सगळंच गेलं होतं. तो हवा गार करणाऱ्या जाळीत सापडला, ऑइलच्या डबक्यात बुडालेला. खालचा चेंबर उघडला, क्रँकची बेअरिंगं पाहिली. त्यांच्यावर ओरखडे होते, पण ती धरून होती. थोडक्यात निभावलं होतं. मी नवा टर्बो मागवला, बेअरिंगं बदलली, पाईपांमधलं सगळं जुनं ऑइल धुऊन काढलं.

काम चालू असताना एका सकाळी शांताबेन गॅरेजात आल्या, पायी, एकट्या. वामनभाऊने पुढे केलेल्या स्टुलावर त्या बसल्या नाहीत. बाकावर मी काढलेला जुना टर्बो पडला होता, तो त्या बराच वेळ बघत राहिल्या. एवढासा, त्या म्हणाल्या. मग मला विचारलं, "एक बगडे एटले बधुं बगडे?"

एक बिघडलं म्हणजे सगळंच बिघडतं का. माझ्या आयुष्यातला तोच प्रश्न. मी तेच उत्तर दिलं जे सगळ्यांना देतो, फक्त हळू दिलं. म्हटलं, नाही बेन. तो गेल्याने बाकीचं जात नाही. तो गेल्यावरही काही झालंच नाही असं समजून चालवत राहिलं, तर जातं. बोलून झाल्यावर मला भीती वाटली की, मी जास्त बोललो. त्यांनी तुटक्या पात्यावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं काळं पदराला पुसलं. मग त्या माझ्या हातांकडे बघायला लागल्या.

तुम्ही पाट दाबून धरला होता, त्या म्हणाल्या. तुमच्या हाताखालीच ते थांबलं. किती वेळ लागला?

मी इंजिनाबद्दल बोलू शकलो असतो. हवा बंद झाल्यावर पेटणं कसं थांबतं ते सांगू शकलो असतो. पण वामनभाऊ मागे उभा होता, आणि प्रश्न इंजिनाचा नव्हता हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मी खोटं बोललो नाही. माझ्या हातांना जे कळलं होतं तेच सांगितलं.

"आधी जोरात ओढलं, बेन. मग सैल पडलं. फार वेळ नाही लागला. शेवटी तर शांतच होतं."

त्यांनी डोळे मिटले. "बस," त्या म्हणाल्या, "मारे एटलुं ज जाणवुं हतुं." एवढंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. मग त्या आल्या तशा पायी परत गेल्या. वामनभाऊ गॅरेजच्या मागे जाऊन खूप वेळाने परत आला. त्याचे डोळे लाल होते. मी त्याच्या हातात पान्हा दिला आणि कामाला लावलं.

गाडी तयार झाल्यावर मी त्याला बजावलं. फाटकाशी थांबलास की पाय काढ, गाडी जरा वेळ हळू चालू दे, टर्बोला थंड होऊ दे, मग किल्ली फिरव. रेस नाही. तो म्हणाला, बेननी पण हेच सांगितलंय.

त्या संध्याकाळी मी गॅरेजच्या दारात उभा राहिलो. गाडी वळल्याचं ऐकलं. मग इंजिनाची ती खालच्या सुरातली घरघर, बराच वेळ. मग काही नाही. माझे हात तसेच ऑइलने माखलेले राहिले. रेस झाल्याशिवाय ते धुवायचं मला सुचेना.

सकाळी वामनभाऊ आला आणि त्याने सगळं सांगितलं. गाडी हळू चालू ठेवून तो बसला होता. रेस नव्हती, म्हणून आत तवा ठेवला गेला नसावा. शांताबेन स्वतः बाहेर आल्या. फाटक उघडलं, गाडीजवळ आल्या आणि मागचं दार उघडून धरलं. आत कोणी बसलेलं असताना धरतात तसं, बाजूला सरकून, पदर सावरून. कोणाला तरी उतरायला लागेल तेवढा वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. मग दार हलकेच लावलं, वामनभाऊला म्हणाल्या, आता बंद कर. आत गेल्या. जाताना त्यांनी त्या दिवसापासून दारातच पडलेला पाट उचलून भिंतीशी उभा करून ठेवला. पाईपच्या तोंडाचं काळं वर्तुळ त्याच्यावर अजून होतं, घासूनही गेलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी मुलासोबत टेबलाशी बसून जेवण केलं, पोटभर.

हे सगळं सांगूनही वामनभाऊ जाईना. चहा संपला, तरी तो उगाच पान्हे उलटेपालटे करत बसला. शेवटी त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "मिस्तरी, मांगना स्प्रिंगसले हात लावा का तुम्ही?"

का, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, बेननी दार धरलं होतं, तेव्हा मी पुढे बसलो होतो. जड माणूस मागून उतरला की गाडी मागून कशी वर येते, ड्रायव्हरला पाठीला कळतं. काल तशी ती वर आली.

मी टर्बो बदलला होता, बेअरिंगं बदलली होती, पाईप धुतले होते. मागच्या स्प्रिंगांना मी हात लावला नव्हता.